लेकराबाळांसह माहूरगडी

आश्विन शुद्ध प्रतिपदा उजाडते, घरोघरी घट बसतात आणि मराठवाड्यातील असंख्य कुटुंबांचे चित्त माहूरच्या वाटेकडे लागते. कोल्हापूरची अंबाबाई, तुळजापूरची भवानी आणि माहूरची रेणुका ही महाराष्ट्रातील तीन पूर्ण पीठे, आणि वणीची सप्तशृंगी हे अर्धे पीठ, हे आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते. नांदेड, परभणी, हिंगोली, यवतमाळ आणि सीमेपलीकडील आदिलाबाद या मुलुखातील कित्येक घराण्यांची कुलस्वामिनी रेणुका होय. नवरात्राच्या नऊ दिवसांत एकदा तरी आईचे मुख पाहावे, खणानारळाने तिची ओटी भरावी आणि प्रसादाचा तांबूल पदरात बांधून घरी परतावे, हा या घराण्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा कुळाचार आहे.

परंतु अलीकडे पुष्कळ घरांतून एक वाक्य वारंवार ऐकू येते: "मुले जरा मोठी होऊ द्या, मग जाऊ." या वाक्यात चूक काही नाही. आश्विनातील ऊन तापते, गर्दी अफाट असते, पायऱ्या चढवत नाहीत, लेकरे कंटाळतात, आजारी पडतात. आमच्याही घरात हे वाक्य ओळीने पाच वर्षे म्हटले गेले. त्याची किंमत काय पडली आणि अखेर लेकरांना घेऊन माहूरगडी गेल्यावर काय हाती आले, ते या नवरात्रानिमित्त वाचकांपुढे ठेवावेसे वाटते.

थांबलेली यात्रा

आमचे घर मुदखेडचे. माझी आई दरवर्षी आश्विनात माहूरला जाई. कधी आदिलाबादकडे जाणाऱ्या रेल्वेगाडीने किनवटपर्यंत आणि तेथून पुढे एसटीने, तर कधी शेजारणींसह थेट एसटीने. तिच्या सासूबाई निजामाच्या राजवटीत बैलगाडीतून किनवटचे सागवान तुडवीत गेल्याच्या हकिकती ती सांगत असे. गाडीला बांधलेला कंदील, वाटेतील मुक्काम, नदीउताराला बैलांची शिंगे धरून चालणारे गडी, हे सारे तिने पाहिलेले नव्हते. तरीही ती ते पाहिल्यासारखे सांगे. एका बाईच्या डोळ्यांनी पाहिलेले दुसरीच्या तोंडून तिसरीकडे जाते, ते असे.

आमची मुले झाल्यानंतर आईची एकच इच्छा उरली होती. नातवंडांना आपल्या हाताला धरून गडाच्या पायऱ्या चढवायच्या आणि त्यांची कपाळे आईच्या पायरीला टेकवायची. थोरली मुलगी चार वर्षांची झाली तेव्हा तिने विषय काढला. पाळण्यात धाकटा होता. आम्ही म्हणालो, "पुढच्या वर्षी." पुढच्या वर्षी धाकट्याला खोकला होता. त्याच्या पुढच्या वर्षी पाऊस लांबला. त्याच्याही पुढच्या वर्षी आईचे गुडघे दुखू लागले. मुले मोठी होण्याची वाट पाहत आम्ही थांबलो. आई थांबली नाही. एका पौष महिन्यात ती गेली. पहिले वर्ष सण पाळले नाहीत. वर्षश्राद्ध झाल्यावर पुन्हा घट बसला, तेव्हा मात्र वडिलांनीच विषय संपवला. "या वर्षी निघा," ते म्हणाले, "दोघांनाही घेऊन निघा. मी दिव्यापाशी बसतो."

घट, दिवा आणि आजोबा

येथे कुळाचाराची एक गोष्ट सांगितली पाहिजे. घटस्थापनेला शेतातील काळी माती आणून पत्रावळीवर पसरतात, तीत धान पेरतात, मध्ये मातीचा घट ठेवतात आणि शेजारी अखंड नंदादीप लावतात. रोज एक माळ घटावर सोडायची आणि नऊ दिवस दिवा विझू द्यायचा नाही. म्हणून सारे घर एकाच वेळी यात्रेला निघत नाही. कोणीतरी दिव्याची राखण करायला मागे राहतो. यात्रेला गेलेल्यांइतकेच पुण्य त्या राहिलेल्यालाही लाभते, असे जुनी माणसे मानतात. आमच्या घरी ते काम आजवर वडिलांचेच होते. आई गडावर आणि वडील दिव्यापाशी, असे त्यांचे कित्येक आश्विन गेले.

चौथ्या माळेच्या पहाटे आम्ही निघालो, तेव्हा घटातील अंकुर दोन बोटे वर आले होते. धाकट्याने ते बोटाने मोजले. "आम्ही आल्यावर किती होतील?" त्याने आजोबांना विचारले. आजोबा म्हणाले, "तू देवीला काय सांगशील त्यावर आहे ते." दिव्यात तेल घालता घालता त्यांनी आईची जुनी परडी मुलीच्या हाती दिली. परडीत हळदीकुंकवाच्या पुड्या होत्या आणि कडेला वर्षानुवर्षांच्या कुंकवाचा लाल थर होता. तो थर कधी कोणी धुतला नव्हता.

फुलांच्या गावाहून

मुदखेड हे रेल्वेचे जंक्शन म्हणून जसे परिचित आहे, तसेच ते फुलांचे गाव म्हणूनही. येथल्या शिवारातील गुलाब, काकडा, गलांडा आणि झेंडू नांदेडच्या बाजारात जातात, हैदराबादेपर्यंत जातात. नवरात्र आणि दसरा हा फुलकऱ्यांच्या वर्षाचा कळस. पहाटेच्या अंधारात तोडणी चाललेली असते, आणि गावाच्या वाऱ्याला झेंडूचा तो उग्र, ओलसर गंध असतो. अशा गावाहून देवीकडे जाताना बाजाराची माळ काय न्यायची? शेजारच्या मळ्यातील फुलांची माळ मुलांच्या आईने रात्री स्वतः गुंफली होती. ती ओल्या फडक्यात गुंडाळून धाकट्याच्या मांडीवर दिली. ती सांभाळणे हे त्याचे काम. पाच वर्षांच्या मुलाला यात्रेत एखादे काम असावे. ज्याच्याकडे काम असते तो कंटाळत नाही.

गाडी भोकरच्या रस्त्याला लागली तेव्हा पूर्वेला फटफटत होते. शरदाचे आभाळ धुतल्यासारखे निर्मळ होते. दोन्ही बाजूंना काळ्या रानात सोयाबीनची काढणी चालली होती. कोठे गंजी रचल्या जात होत्या, कोठे मळणी यंत्राच्या धुळीत माणसे डोक्याला फडकी गुंडाळून उभी होती. कपाशीची बोंडे नुकतीच उकलू लागली होती आणि तूर अजून हिरवीगार होती. शहरातील मुले कॅलेंडरात ऋतू पाहतात. ज्यांना आश्विन म्हणजे काय हे दाखवायचे असेल, त्यांनी मुलांना या दिवसांत एकदा मराठवाड्याच्या रस्त्यावरून न्यावे. घटातील मूठभर मातीत जे धान उगवते, त्याचाच हा अवाढव्य विस्तार आहे, हे त्यांना निराळे समजावून सांगावे लागत नाही. आमच्या थोरलीने आपण होऊनच विचारले, "बाबा, एवढा मोठा घट कोणी बसवला?"

पैनगंगेच्या काठाने

मुदखेडहून माहूरला जाण्यास भोकर, हिमायतनगर, इस्लापूर, किनवट आणि सारखणी हा मार्ग आहे. किनवटपर्यंत आदिलाबादच्या लोहमार्गाची कमीअधिक सोबत असते. मोठ्या माणसांचा हा चार-पाच तासांचा प्रवास. लेकरांसह तो दिवसाचा धरावा. आमच्या धाकट्याला भोकरच्या पुढे मळमळू लागले. गाडी थांबली. लिंबाच्या सावलीत अर्धा तास गेला. पुन्हा निघालो, तर मुलीला तहान लागली. पुन्हा थांबलो. रस्त्याच्या कडेला सीताफळांच्या पाट्या घेऊन बसलेल्या बायका दिसल्या; तेथे तिसऱ्यांदा थांबलो. माझ्या मनात घड्याळाची टिकटिक चालली होती. उशीर झाला की रांग वाढणार, ऊन वाढणार. मी काही बोललो नाही. पण मुलांच्या आईने ते ओळखले. "सासूबाईंच्या सासूबाई बैलगाडीने गेल्या होत्या," ती म्हणाली, "त्यांनी घड्याळ नेले नसेल."

इस्लापूरजवळ सहस्रकुंड आहे. येथे पैनगंगा काळ्या कातळावरून अनेक धारांनी खाली कोसळते. पावसाळा नुकताच सरलेला असल्याने आश्विनात धबधब्याला अजून भरपूर पाणी असते. अलीकडचा तीर नांदेड जिल्ह्याचा, पलीकडचा यवतमाळचा. म्हणजे एका काठावर मराठवाडा आणि दुसऱ्या काठावर विदर्भ. काठी महादेवाचे मंदिर आहे. पाण्याचा धीरगंभीर घोष कानी पडताच धाकटा आईला बिलगला. काही वेळाने भीती ओसरली आणि तो टक लावून पाहू लागला. देवळातील मूर्ती पाहण्यापूर्वी मुलाने अशी एखादी नदी पाहावी. नमस्कार कशाला करायचा, हे त्यावरून त्याला उमगते. मात्र येथे मुलांचा हात क्षणभरही सोडू नये. कातळ निसरडा असतो आणि पाण्याची ओढ फसवी असते.

किनवटच्या पुढे रान दाट होत जाते. हा सागवानाचा मुलूख आहे. गोंड, कोलाम, आंध या आदिवासींची खेडी आणि बंजाऱ्यांचे तांडे या डोंगरांतून विखुरलेले आहेत. किनवटच्या बाजारात मराठीबरोबर तेलुगू, गोंडी आणि बंजारा बोली कानावर पडतात. तेलंगणात याच दिवसांत बतुकम्मा मांडतात. रानफुलांचे थरावर थर रचून उभारलेली ती फुलांची देवी आणि तिच्याभोवती फेर धरणाऱ्या लेकीसुना आपल्या सीमाभागातही दिसतात. भाषा बदलते, मांडणी बदलते. आश्विनात आईपुढे फुले ठेवण्याची रीत तीच राहते. याच मुलुखात उनकेश्वर हे उष्णोदकाच्या कुंडांचे स्थान आहे. हाताशी आणखी एक दिवस असेल तर तेही पाहण्याजोगे आहे.

आईचे क्षेत्र

माहूर दुरून दिसते ते शिखरांच्या रूपाने. एका शिखरावर रेणुका, दुसऱ्यावर दत्तात्रेय आणि तिसऱ्यावर दत्तात्रेयांची माता अनसूया. ब्रह्मा, विष्णू आणि महेश सत्त्व पाहायला आले असता त्यांना आपल्या पातिव्रत्याच्या बळावर तान्ही बाळे करणारी ती ही अनसूया. जवळच मातृतीर्थ आहे. या क्षेत्राचे जुने नाव मातापूर, असेही सांगतात. एकाच परिसरात आईची इतकी रूपे एकवटलेले दुसरे क्षेत्र सहसा आढळणार नाही. मग लेकरांना घेऊन जायचे ते येथे नाही तर कोठे?

माहूरचा किल्ला इतिहासातही गाजलेला आहे. १६६१ साली उंबरखिंडीच्या लढाईत शिवाजी महाराजांनी कारतलबखानाची कोंडी केली, तेव्हा त्याच्या सैन्यात माहूरची रायबागन होती, आणि शरण जाण्याचा शहाणा सल्ला खानाला तिनेच दिला, ही हकिकत प्रसिद्ध आहे. रेणुकेच्या भक्तीत देह झिजवणारे संतकवी विष्णुदास मूळचे साताऱ्याकडचे. पण ते माहूरला आले आणि माहूरचेच झाले. त्यांची पदे आजही नवरात्रात घरोघर म्हटली जातात.

नवरात्राच्या गर्दीत खाजगी वाहने पायथ्याशीच थांबवितात आणि तेथून एसटीच्या बसगाड्या यात्रेकरूंना वर नेतात. आम्हीही गाडी खाली ठेवून बसच्या रांगेत उभे राहिलो. बसमध्ये "रेणुकामातेचा उदो उदो" असा एकच घोष उठला. आमचा धाकटा आधी दचकला, मग हसला, मग सर्वांत मोठ्याने ओरडू लागला. ज्या मुलाला घरी पाहुण्यांपुढे श्लोक म्हणायला लाज वाटते, त्याला हजार माणसांत देवीचे नाव घ्यायला लाज वाटत नाही. हे शिक्षण घरात देता येत नाही.

दोनशेच्या वर पायऱ्या

बस थांबते तेथून मंदिरापर्यंत दोनशेच्या वर पायऱ्या आहेत. दोन्ही बाजूंना खण, नारळ, बांगड्या, कुंकू आणि प्रसादाची दुकाने. मी धाकट्याला कडेवर घेतले आणि झपझप चढू लागलो. वीस-पंचवीस पायऱ्या चढलो असेन. कडेला टेकलेली एक वृद्धा म्हणाली, "लेकराला खाली सोड की रे बाबा. आईच्या दारी यायला त्याला पाय दिलेत देवानं."

मी त्याला खाली सोडले. मग आमची चाल त्याच्या पावलांची झाली. तो प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय ठेवी, मग पुढच्या पायरीचा विचार करी. दर दहा पायऱ्यांना माळेचे फडके उघडून फुले आहेत ना, ते पाही. थोरली परडी घेऊन पुढे चालली होती. ती चार पायऱ्या चढे आणि मागे वळून पाही. आम्ही दिसलो की पुन्हा चार पायऱ्या चढे. मागाहून येणारे आम्हांला ओलांडून पुढे जात होते. कोणी रागावले नाही. उलट एकाने धाकट्याला विचारले, "कुठून आलास रे?" तो म्हणाला, "मुदखेडहून. फुलं घेऊन." आपण काय म्हणून आलो आहोत, हे इतक्या थोड्या शब्दांत मला सांगता आले नसते.

रांगेत तीन तास गेले. आश्विनाचे ऊन, गर्दीचा उकाडा, मुलांची कुरकुर, हे सारे झाले. ते झाले नाही असे सांगणे म्हणजे वाचकांची फसवणूक होईल. एकदा धाकटा रडला, एकदा थोरली रुसली, एकदा मीच चिडलो. परंतु त्याच रांगेत एका अनोळखी बाईने आपल्या डब्यातील साबुदाण्याची खिचडी मुलांच्या हातावर ठेवली. दुसऱ्या एका आजोबांनी थोरलीला नवरात्रातील माळांचा हिशेब समजावला. घरची आजी नव्हती. पण रांगेत आजी-आजोबांना तोटा नव्हता.

मुखदर्शन

गाभाऱ्यात आईची पूर्णाकृती मूर्ती नाही; आहे ते केवळ मुख. सुमारे पाच फूट उंचीचे, शेंदूरचर्चित, विशाल नेत्रांचे ते मुख समोर येते तेव्हा मनातील सारे मागणे विसरायला होते. धाकट्याने माळ पुजाऱ्यांच्या हाती दिली. फडक्यातील निम्मी फुले तोवर कोमेजली होती. ती माळ इतर शेकडो माळांत गेली. तो मान उंचावून पाहत राहिला आणि बाहेर येताच त्याने विचारले, "बाबा, देवीचं नुसतं तोंडच का? बाकीची देवी कुठंय?"

ओवरीत बसून मग त्याला कथा सांगितली. सहस्रार्जुनाने कामधेनूच्या लोभाने जमदग्नी ऋषींचा वध केला. परशुरामाने कावडीच्या एका पारड्यात पित्याचा देह ठेवला, दुसऱ्या पारड्यात माता रेणुकेला बसवले, आणि ज्या भूमीवर पूर्वी कोणाचे दहन झाले नाही अशी कोरी भूमी शोधीत तो देशोदेशी फिरला. ती भूमी त्याला माहूरच्या डोंगरावर मिळाली. दत्तात्रेयांनी आचार्यपद स्वीकारून अंत्यसंस्कार करविले. परशुरामाने बाण मारून भूमीतून तीर्थ प्रकट केले, तेच मातृतीर्थ. रेणुका पतीसह सती गेली. पुढे आईच्या आठवणीने परशुराम व्याकूळ झाला. तेव्हा आकाशवाणी झाली: तुझी आई भूमीतून वर येऊन तुला दर्शन देईल, मात्र ती येईपर्यंत मागे वळून पाहू नकोस. परशुराम थांबला, पण त्याला फार वेळ थांबवेना. त्याने वळून पाहिले. तोवर आईचे मुख तेवढे भूमीबाहेर आले होते. तेच हे मुख.

थोरली म्हणाली, "मग त्याचं चुकलंच. अजून थोडं थांबायला पाहिजे होतं."

धाकटा म्हणाला, "त्याला आई बघायची होती."

या दोघांच्या बोलण्यावर मी फार वेळ काही बोलू शकलो नाही. परशुरामाने घाई केली, आम्ही दिरंगाई केली. त्याची घाई प्रेमाची होती, म्हणून आईने तीही मानून घेतली आणि जेवढे रूप वर आले होते तेवढे जगासाठी ठेवले. आमची दिरंगाई मात्र सोयीची होती. मुले मोठी झाल्यावर, ऊन कमी झाल्यावर, हात रिकामा झाल्यावर, असे म्हणत आम्ही जी वेळ शोधत होतो, ती येणारी नव्हतीच. वेळ पूर्ण भरल्याशिवाय वळून पाहू नये हे शास्त्र खरे. पण आईकडे अपुऱ्या वेळी वळून पाहणाऱ्या लेकराला तिने रिकामे पाठवले नाही, हेही तितकेच खरे. मुले लहान असताना केलेली यात्रा अपुरी असते. त्यांना सारे कळत नाही, सारे आठवणार नाही, सारे पाहून होत नाही. तरी जेवढे मुख दिसते तेवढे पुरते.

आईची परडी थोरलीने देवीच्या पायरीला लावली. कडेच्या त्या लाल थरावर चिमूटभर नवे कुंकू पडले. पुढे मातृतीर्थावर जाऊन तीर्थ मस्तकी लावले, तेव्हा आईची आठवण आम्ही मुलांपासून लपवली नाही. "आजी इथं यायची?" धाकट्याने विचारले. "दरवर्षी," मुलांची आई म्हणाली. तो त्या पाण्याकडे एखाद्या ओळखीच्या माणसाकडे पाहावे तसा पाहू लागला.

देव झोपला असेल

संध्याकाळ झाली होती. दत्तशिखर समोर दिसत होते. परंतु मुलांचे पाय थकले होते. दत्तप्रभू दिवसभर भ्रमण करून रात्री निद्रेसाठी माहूरला येतात, अशी श्रद्धा आहे. ते ऐकून धाकटा एकदम हळू आवाजात बोलू लागला. "आता ओरडू नका," त्याने आम्हां सर्वांना बजावले, "देव आत्ताच आला असेल." आम्ही दुरूनच हात जोडले. दत्तशिखर आणि अनसूया शिखर पुढच्या खेपेला, असे ठरले. या वेळच्या 'पुढच्या खेपे'त मात्र टाळाटाळ नव्हती. मुलीने महिनासुद्धा ठरवून टाकला, मार्गशीर्षातील दत्तजयंतीचा.

रात्री पायथ्याशी मुक्काम केला आणि ललिता पंचमीच्या सकाळी परत निघालो.

धाकट्यांना घेऊन निघणाऱ्यांसाठी

अनुभवातून सुचलेल्या चार गोष्टी येथे नमूद करतो. अष्टमी, नवमी आणि रविवार शक्यतो टाळावेत. आरंभीच्या माळांना त्या मानाने सुसह्य गर्दी असते. एका दिवसात जाऊन येण्याचा अट्टहास धरू नये. मुलांच्या खिशात नाव, गाव आणि पालकांचा फोन क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवावी आणि 'हात सुटला तर जेथे आहेस तेथेच उभे राहा, पोलीसदादांना नाही तर दुकानातल्या काकूंना सांग' हे आधी शिकवावे. पाणी, लिंबू, गूळ आणि सुती टोपी बरोबर असावी. उपवास मोठ्यांनी करावा. लेकरांना पोटभर खाऊ घालावे, आईला त्यातच संतोष आहे. आणि प्रत्येक मुलाला यात्रेतील एक काम नेमून द्यावे: कोणी फुले सांभाळावीत, कोणी परडी, कोणी पाण्याची बाटली. घरी उरलेल्या वडीलधाऱ्यांना वाटेतून निरोप द्यावा. दिव्यापाशी बसलेल्या माणसाचे मन यात्रेतच असते.

तांबूल

माहूरचा प्रसाद म्हणजे विड्याचा तांबूल. पाने कुटून केलेला तो विडा आधी आईच्या मुखी जातो, मग भक्तांच्या हाती येतो. पानाच्या द्रोणात बांधून तो घरी आणला. मुदखेडला पोहोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. देवघरातील नंदादीप तेवत होता आणि वडील पाटावर बसून होते. त्या दोन दिवसांत ते उंबऱ्याबाहेर गेले नव्हते.

धाकटा धावत घटापाशी गेला. अंकुर चार बोटे झाले होते. त्याने ते पुन्हा मोजले आणि समाधानाने मान हलवली. थोरलीने परडी आजोबांच्या पुढे ठेवली, तांबुलाचा द्रोण त्यांच्या हाती दिला आणि परशुरामाची कथा पहिल्यापासून सांगायला बसली. कावड, कोरी भूमी, बाण, आकाशवाणी. ती कथा वडिलांनी शेकडो वेळा ऐकली असेल. आईच्याच तोंडून ऐकली असेल. त्यांनी मध्ये एकदाही तिला दुरुस्त केले नाही. शेवटी ती म्हणाली, "आणि आजोबा, तो मागं वळला ते चुकलं नव्हतं. त्याला आई बघायची होती."

वडिलांनी चिमूटभर तांबूल तोंडात टाकला आणि दिव्यात तेल घातले.

वाचकहो, आणखी काही दिवसांत दसरा येईल. घटातील धान आपण कानावर, टोपीत, वेणीत खोवू आणि सीमोल्लंघनाला निघू. सीमा गावाचीच असते असे नाही. 'मुले मोठी झाल्यावर' ही देखील एक सीमा आहे. ती या आश्विनात ओलांडावी. आई तेथे आहेच. आपली लेकरे लहान आहेत आणि घरातील म्हातारी माणसे हयात आहेत, हा योग मात्र थोड्याच वर्षांचा असतो. तो ज्यांच्या घरी आज आहे, त्यांना जगदंबा रेणुका वाटेला लावो.